बंदूक रिकामी आहे, असे म्हणण्यापूर्वी



आपल्या या अंकात लागण, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या, साखर उतारा हे विषय नेहमीच येतात. या वेळी जरा निराळा विषय घेतला आहे. आपल्यापैकी काहींच्या घरी परवान्याची बाराबोअर बंदूक आहे. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. गाळप हंगाम तोंडावर आला की उसाच्या रानात माणसांची वर्दळ वाढते, आणि त्याच दिवसांत रानडुकरांच्या राखणीसाठी बंदुकाही बाहेर निघतात. माणसे आणि बंदुका एकाच रानात, एकाच अंधारात आल्या तर काय होईल याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मागे एकदा एका सभासदाच्या वस्तीवर जाण्याचा प्रसंग आला. पडवीत बसलो तर डोक्यावरच्या पत्र्याला मोठे भोक. विचारले, हे काय? आधी कोणी बोलेना. मग हळूहळू सगळे समजले. घरातले कर्ते गृहस्थ रात्रभर राखण करून पहाटे परत आले. बंदूक सेमी-ऑटोमॅटिक. त्यांनी बोल्ट मागे ओढला, एक काडतूस बाहेर पडले, ते खिशात टाकले आणि बंदूक खुंटीला लावून झोपी गेले. दुपारी पुतण्याने ती खाली घेतली. "काका, रिकामी आहे ना?" "हो रे, सकाळीच काढलंय काडतूस." पोराने चाप ओढला आणि बार पत्र्यातून आरपार गेला. नळी वर होती म्हणून पोरगे आणि समोर तांदूळ निवडत बसलेली त्याची आई, दोघे वाचली. काका खोटे बोलले नव्हते. त्यांनी काडतूस खरोखरच काढले होते. पण एकच काढले होते.

येथेच या बंदुकीची खरी गोम आहे. आपल्याकडे दुनळीची सवय जुनी. दुनळी मोडली की दोन्ही नळ्यांची भोके उघडी दिसतात. भरलेली आहे की रिकामी, हे लांबच्या माणसालाही कळते. सेमी-ऑटोमॅटिकचे तसे नाही. तिच्या नळीखाली आणखी एक नळकांडे असते, त्यात एकामागे एक काडतुसे बसतात. बार झाला की त्याच्याच जोराने बोल्ट मागे जातो, रिकामे टोपण बाहेर फेकले जाते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत जाऊन बसते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने आखलेली अशी पहिली यशस्वी बंदूक १९०२ पासून बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. तेव्हापासून बनावटी पुष्कळ बदलल्या, पण मूळ गोष्ट तीच राहिली. बार काढल्यानंतर आपण काहीही केले नाही तरी बंदूक पुन्हा भरलेली आणि पुन्हा ताणलेली असते.

बोल्ट हाताने ओढला तर काही बनावटींत खालचे काडतूस लगेच वर येऊन नळीत बसते. काहींत ते नळकांड्यातच राहते आणि नंतर बटण दाबले की वर येते. दोन्हींत धोका सारखाच. म्हणून अशी बंदूक रिकामी करायची ती क्रमाने. नळीचे तोंड मोकळ्या, निर्धोक दिशेला. बोट चापापासून दूर. सेफ्टी लावलेली. मग नळकांड्यातली आणि नळीतली अशी सगळी काडतुसे आपल्या बनावटीच्या माहितीपुस्तकात सांगितलेल्या रीतीने काढायची. शेवटी बोल्ट मागे अडकवून ठेवायचा आणि नळीच्या तळाशी व नळकांड्याच्या तोंडाशी डोळ्यांनी पाहून, बोट घालून खात्री करायची. अंधारात तर बोट घातल्याशिवाय समजतच नाही. किती काडतुसे भरली होती आणि किती बाहेर आली, हा हिशेब जुळलाच पाहिजे. काट्यावर वजन बरोबर आहे की नाही हे आपण दोनदा बघतो, मग इथे एकदा तरी बघायला काय हरकत आहे?

आणि ही खात्री ज्याच्या हातात बंदूक जाईल त्याने स्वतः करायची. देणाऱ्याने पाहिले असले तरी घेणाऱ्याने पुन्हा पाहायचे. यात अविश्वासाचा प्रश्न नाही. "रिकामीच आहे हो" हे वाक्य आपल्या घराघरांतून हद्दपार झाले पाहिजे. सेफ्टीवरही सगळी भिस्त ठेवू नये. तो एक खटका आहे, तो झिजतो, मळतो, कधी अर्धवट बसतो. भरलेली बंदूक घेऊन मोटारसायकलवर बसणे, पाट ओलांडणे, बांधावरून उडी मारणे हे सगळे बंद झाले पाहिजे. आधी रिकामी करा, मग पलीकडे जा.

आता उसाविषयी. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या रानात माणूस दिसतो. उभ्या उसात पाच हातांवरचा माणूस दिसत नाही. रात्रीची लाईट आली की दारे धरणारा गडी बॅटरी विझवून सरीत उभा असतो. हंगामात फडाच्या कडेला तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. त्यांच्या बायका पहाटे अंधारात उसाच्या आडोशाला जातात, पोरे पाचटात खेळतात, बैल सुटला तर कोणी त्याच्या मागे धावत येतो. ही माणसे लांबून आलेली असतात. आपल्या रानात कोण राखण करतो, कोणाकडे बंदूक आहे, याची त्यांना काही कल्पना नसते. आणि उसात सळसळ झाली की आपल्याला फक्त डुक्करच आठवते.

छरे किती लांब जातात याचाही अनेकांना अंदाज नाही. पाखरांवर वापरायचे बारीक छरेसुद्धा दोनशे मीटरच्या पुढे जातात. डुकरासाठी जे एल.जी., एस.जी. असे मोठे छरे वापरतात ते पाचशे मीटरच्याही पुढे जाऊन पडू शकतात. म्हणजे एका वस्तीवरून उडवलेला बार दुसऱ्या वस्तीच्या अंगणात. त्यातून बंदूक सेमी-ऑटोमॅटिक असली तर पहिल्या बारानंतर दुसरा आणि तिसरा बार विचार करायच्या आत निघून जातो. दुनळीवाल्याला दोन बारांनंतर थांबून पुन्हा भरावे लागते, तेवढ्यात माणूस भानावर येतो. म्हणून आमचे म्हणणे असे की जनावर पूर्ण दिसल्याशिवाय, ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे माहीत असल्याशिवाय चापाला बोट लावू नये. उभ्या उसात, आवाजाच्या रोखाने बार कधीच काढू नये. मग डुक्कर निघून गेले तरी चालेल.

यावर कोणी म्हणेल, तुम्हाला लिहायला काय जाते, आमचा अर्धा एकर ऊस एका रात्रीत आडवा झाला. हे दुःख आम्ही जाणतो. वर्षभर वाढवलेला ऊस डुकरांनी मोडून चघळून टाकलेला पाहणे सोपे नाही. पण कायदाही लक्षात घ्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकरालाही संरक्षण आहे, आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय ते मारणे हा गुन्हा आहे. बिबट्या तर याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. उसात बिबट्या दिसला म्हणून बंदूक घेऊन चार पोरांनी फडात शिरणे म्हणजे बिबट्यापेक्षा एकमेकांच्याच जिवावर उठणे. तेथे वन खात्याला कळवावे आणि माणसांना मागे घ्यावे. पिकासाठी सौर कुंपण, उजेड, आवाज, गावाने मिळून केलेली राखण हे मार्ग आहेत. मात्र उघड्या तारेत थेट लाईट सोडण्याचा उद्योग कोणी करू नये. त्यातही माणसेच मरतात.

परवान्याचेही भान हवे. बंदूक ज्याच्या परवान्यावर आहे त्याच्याच हाती राहावी. परवान्यावर ज्याचे नाव नोंदलेले नाही अशा सालगड्याच्या किंवा पाहुण्याच्या हाती ती देणे बेकायदेशीर आहे. कोणत्या बनावटीची बंदूक घेता येते हे विकत घेण्यापूर्वीच परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारून घ्यावे. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. आणि घोट घेतलेल्या माणसाच्या हाती बंदूक नको, हे सांगायला कायद्याची गरज नसावी.

काडतुसांच्या बाबतीत दोन गोष्टी. बाराबोअरच्या काडतुसांत वीसबोअरचे एकही काडतूस मिसळू देऊ नये. ते बारीक असल्याने नळीत पुढे सरकून अडकते, दिसत नाही, आणि मागून बाराबोअरचे घालून बार काढला तर नळी हातात फुटते. दुसरे म्हणजे काडतुसाची लांबी. जुन्या विलायती बंदुका पासष्ट मिलिमीटरच्या असतात, त्यात सत्तरचे काडतूस वापरू नये. नळीवर कोरलेले असते, ते वाचावे. बार काढताना नुसता फुसका आवाज आला तर तेथेच थांबावे. बंदूक रिकामी करून नळीत काही अडकले आहे का ते पाहावे. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी निर्धोक दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे, मगच बोल्ट उघडावा. नळीच्या तोंडात बांधाचा चिखल गेला असेल तर तो काढल्याशिवाय पुढचा बार नाही.

राहता राहिली निगा. ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी नळी साफ करावी. आधी रिकामी असल्याची खात्री, मग गज, ब्रश आणि कोरडी चिंधी. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये जी बंदूक बाराच्या गॅसवर चालते तिच्या पुढच्या लाकडाखाली पिस्टन असतो आणि नळीला बारीक छिद्रे असतात. तेथे काजळी साठते, बोल्ट पुरता मागे जात नाही, टोपण अडकते. आणि अडकलेले टोपण काढण्याच्या घाईत अपघात होतात. म्हणून तो भाग पुसून ठेवावा. तेल पातळ, बंदुकीचेच आणि अगदी थोडे. खोबरेल तेल घट्ट होते, वंगणाला पाचटाची धूळ चिकटते. पावसाळ्यात चामड्याच्या किंवा कापडी कव्हरात बंदूक ठेवली तर ओल धरून गंज चढतो. निवडणुकीच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर साफ करून, तेलाचा हात फिरवून, पावती घेऊन जमा करावी. परत आणल्यावर पहिल्यांदा नळीतून आरपार पाहावे. कुंभारीण माशीने आत मातीचे घर केले तर बाहेरून कळतही नाही. घरी बंदूक एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा. खुंटीला टांगण्याचे दिवस आता संपले, असे समजावे.

शेवटी आमची एक सूचना आहे. कोणत्या गटात कोणती टोळी कोणत्या दिवशी तोडणीला आहे हे शेतकी विभागाला आणि चिटबॉयला आधीच माहीत असते. ज्या शिवारात टोळी उतरली असेल तेथील परवानाधारक सभासदांना त्याने तसा निरोप द्यावा, आणि टोळी हलेपर्यंत त्या शिवारात बंदूक बाहेर काढायची नाही असा नियम आपण सर्वांनी मिळून पाळावा. मुकादमालाही राखणीची कल्पना द्यावी. बॉयलर पेटण्यापूर्वी गटवार एक बैठक घेऊन पोलीस व वन खात्याच्या माणसांना बोलवावे आणि बंदूक रिकामी करून दाखवण्याचे प्रात्यक्षिक व्हावे. याला कारखान्याला फारसा खर्च नाही. संचालक मंडळाने यावर विचार करावा, आणि वार्षिक सभेत कोणी सभासदाने हा विषय मांडला तर आम्हाला आनंदच होईल.

ऊस मोडला तर पुढच्या हंगामात खोडवा फुटतो. माणूस गेला तर त्याची भरपाई कोणत्याही पहिल्या हप्त्यातून होत नाही. आज घरी गेल्यावर आपली बंदूक एकदा खाली घ्या, बोल्ट मागे ओढा, आणि बोट घालून बघा.