जिल्हा न्यायालय मेट्रो स्टेशन: मॅपवर ठिपका एक, मजले अनेक

पुण्यात मेट्रो बदलायची म्हणजे जिल्हा न्यायालय स्टेशन, म्हणजेच आपलं सिव्हिल कोर्ट. १ ऑगस्ट २०२३ ला ते सुरू झालं. वनाझ–रामवाडी मार्गिका इथे वर पुलावरून जाते, तर पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्गिका साधारण ३३ मीटर खाली, जमिनीच्या पोटातून. छताची रचना अशी की एवढ्या खोलवरही सूर्यप्रकाश पोहोचतो.

ऊन पोहोचतं, पण जीपीएस? उपग्रहाचे सिग्नल मुळातच कमजोर असतात. जमीन आणि काँक्रीटमधून ते नीट खाली येत नाहीत. मग फोन वाय-फाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो. त्यात मॅप सपाट. तुम्ही वर आहात की खाली, हे निळा ठिपका सांगत नाही. म्हणून इथे फोनपेक्षा पाट्या बघा. क्यूआर तिकिटाचा स्क्रीनशॉटही आधीच काढून ठेवा.

आता खरा मुद्दा. हिंजवडीहून येणारी २३ किलोमीटरची तिसरी मार्गिकाही इथेच संपणार आहे. पहिल्या दोन महामेट्रोच्या, तिसरी मात्र पीएमआरडीएची, खासगी भागीदारीतली. जिने जोडले म्हणजे प्रवास जोडला गेला असं होत नाही. तिकीट वेगळं काढावं लागलं, तर रोज हिंजवडी गाठणाऱ्यांना पुन्हा रांग आलीच. देशभर चालणारं एनसीएमसी कार्ड हा एक मार्ग आहे. पण माझ्या मते, एकच क्यूआर तिन्ही मार्गिकांवर चालला, तरच हे खरं इंटरचेंज म्हणायचं.