लिटर बघता, मग प्लग कोण बघणार?

न्यूझीलंडच्या 'ग्रेनफादर'चं घरगुती बीअरयंत्र ७० लिटरचंसुद्धा निघालं. माल्ट भिजवणं, उकळणं, सगळं एकाच विजेच्या भांड्यात. पण 'जेवढं मोठं तेवढं भारी' हे मला काही पटत नाही.

साधं गणित करा. ५० लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ४.६५ युनिट वीज लागते. तिथला घरातला साधा प्लग १० अँपिअरचा, म्हणजे २.३ किलोवॉट. नुसतं तापवण्यातच दोन तास गेले, वाया जाणारी उष्णता वेगळीच! वर दहा-बारा किलो माल्ट भिजून जड झालेला. तो उचलणार कोण? भांडं वाढतं, प्लग आणि पाठ तेवढीच राहते. म्हणून माझं मत, आधी वायरिंग बघा, मग लिटर.

आपल्याकडे विनापरवाना बीअर बनवणं गुन्हा आहे. तेव्हा होस्टेलवर प्रयोग नको, पण प्रोजेक्टची 'कपॅसिटी' ठरवताना हे गणित जरूर आठवा.