सिकलच्या मुलीला अडवू नका, दौडीची वेळ बदला

एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये दौडी सुरू होतात. १४ एप्रिलला जयंतीची दौड, १ मेची दौड, पुढे बुद्धपौर्णिमेची. अंतर तीन किलोमीटर असो की दहा, फ्लेक्सवर ‘मॅरेथॉन’ असंच छापलेलं असतं. खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते, पण ते जाऊ द्या. आपली पोरं-पोरी या दौडींमध्ये जीव तोडून धावतात. ती किती वाजता, कोणत्या उन्हात, काय खाऊन-पिऊन धावतात, याचा विचार दौड भरवणारे मात्र फार कमी करतात.

उत्तर नागपुरात आम्ही काम करतो तिथे धावणाऱ्यांचा एक गट आहे. पहाटे पाचला विहारासमोर पंचवीस-तीस जण जमतात. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, टी-शर्टही सारखे नाहीत. निम्म्याहून जास्त भरतीवाले. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं आणि काही सेकंदांवर गुण जातात. २०२४ ची मैदानी चाचणी १९ जूनला सुरू झाली होती. म्हणजे तयारीचे महिने एप्रिल-मेच. म्हणून ‘उन्हाळ्यात धावू नका’ असं आम्ही कोणाला सांगत नाही. ज्याच्या घरी दर महिन्याला पगार येतो, त्याला तो सल्ला परवडतो. आपल्या पोरांना दौडीत टायमिंग कळतं, गर्दीत धावायची सवय होते आणि नंबर आला तर बुटांचे पैसे निघतात.

गेल्या उन्हाळ्यात या गटातल्या एका मुलीचा फॉर्म एका मंडळाने परत केला. कारण सांगितलं, “हिला सिकल आहे, उगाच जबाबदारी नको.” आदल्या वर्षी त्याच दौडीत शेवटच्या टप्प्यात एका मुलाच्या पायातलं अवसान गेलं होतं. तो एएस निघाला. चार दिवस दवाखान्यात राहून बरा झाला. तेव्हा मंडळाची भीती खोटी नाही. पण मंडळाला त्या दिवसाचं अर्धंच आठवतं. दौड सहाची होती. पाहुणे पोहोचले नाहीत म्हणून झेंडा दाखवायला आठ वाजले. पोरं दोन तास डांबरी रस्त्यावर उभी होती, भाषणं ऐकत. पाण्याचं टेबल एकच, तेही निघण्याच्या जागी. आम्ही ओआरएसची पाकिटं घेऊन शेवटच्या रेषेवर बसलो होतो आणि आत येणारा प्रत्येक चेहरा भाजून निघाल्यासारखा दिसत होता. त्यांतल्या एकाचं रक्त सिकलचं होतं म्हणून तो पडला. बाकीचे पडले नाहीत, याला आम्ही नशीब म्हणतो.

आधी सिकलचं नीट समजून घेऊ. आपल्या विदर्भात, आणि आपल्या समाजात विशेष, हा विषय जुना आहे. भारतात सिकलसेल प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. पुढे १९५८ साली नागपुरातल्याच शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडूनही सिकलचा गुण आला तर मूल एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. एसएसच्या मुलाने शर्यतीत धावू नये. चालणं, हलका व्यायाम, तोही डॉक्टरांना विचारून. एएसची गोष्ट वेगळी आहे. तो आजारी नसतो. शाळा, मजुरी, नोकरी, खेळ, लग्न, सगळं करतो. अनेकांना आपण एएस आहोत हे जन्मभर कळतही नाही.

मात्र काही वेळा एएसचं रक्तही त्रास देऊ शकतं. खूप जोर लावून, न थांबता, उन्हात, अंगातलं पाणी कमी असताना धावलं की स्नायूंमध्ये ऑक्सिजन कमी पडतो, रक्तात आम्ल वाढतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात. मग स्नायूला रक्त पोचत नाही, स्नायू फुटू लागतो आणि त्यातला मळ मूत्रपिंडात जाऊन अडकतो. लघवी कोकाकोलासारखी होते. शिवाय एएसवाल्यांच्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवणं थोडं जड जातं, म्हणून त्यांचं पाणी लवकर कमी होतं. अशी वेळ क्वचित येते, पण आली तर ती जीवावरची असते.

हे सगळ्यात जास्त तपासलं गेलं ते अमेरिकेत, कारण तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये सिकल आहे. १९८७ साली तिथल्या लष्करातल्या नव्या भरतीच्या जवानांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय जवानांमध्ये प्रशिक्षणादरम्यान अचानक मृत्यू येण्याचा धोका एएस असलेल्यांना नसलेल्यांपेक्षा जवळपास २८ पट दिसला. आकडा ऐकून छाती दडपते. पण तो मृत्यू होता साधारण तीन हजार एएस जवानांमागे एक. पुढे लष्कराने काय केलं ते महत्त्वाचं. सगळ्याच जवानांसाठी नियम केले. ऊन बघून कसरत, ठरावीक वेळाने पाणी आणि विश्रांती, नव्या माणसाला हळूहळू सवय. मग २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास आला. एएस असल्यामुळे मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही. स्नायू फुटण्याचा धोका मात्र दीडपटीच्या आसपास जास्त होता. आणि तंबाखू वापरणाऱ्यांमध्येही तो साधारण तेवढाच जास्त निघाला! तोंडात खर्रा धरून “सिकलवाले नकोत” म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी.

त्याच देशात २००६ साली एक १९ वर्षांचा कॉलेजचा फुटबॉल खेळाडू सरावात कोसळून गेला. तो एएस होता. त्यानंतर २०१० पासून मोठ्या कॉलेज स्पर्धांतल्या खेळाडूंची सिकल तपासणी ठरवली गेली. त्यावर तिथल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली म्हटलं की खेळायला परवानगी देण्यासाठी तपासणीची सक्ती नको, काळजीचे नियमच सर्वांसाठी करा. आम्हाला हे पटतं. फॉर्मवर ‘सिकल आहे का’ असा रकाना टाकला की पोरं खोटं लिहिणार. मुलीची आई तर हमखास लिहू देणार नाही, कारण फॉर्म दहा हातांतून जातो आणि उद्या स्थळ आलं की हीच गोष्ट उकरली जाते. मग मंडळाला वाटणार सिकलवाले कोणी नाहीत, आणि धावणारी मुलगी त्रास झाला तरी तोंड उघडणार नाही. आम्हाला सगळ्यात जास्त भीती तिच्या त्या गप्प राहण्याची वाटते.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात काही उमेदवारांचे जीव गेले. त्यानंतर अंतर ५ वरून ३ किलोमीटरवर आणलं गेलं. जे सरकारला करता आलं, ते गल्लीतल्या मंडळाला का करता येऊ नये?

तपासणी मात्र करा, फॉर्मसाठी नव्हे, स्वतःसाठी. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. नागपुरात डागा, मेयो, मेडिकल इथे तपासणी होते. एक गोष्ट लक्षात ठेवा. बोटातून थेंब घेऊन करतात ती सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते. एएस की एसएस हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. ‘पॉझिटिव्ह’ एवढा एक शब्द असलेला कागद ट्रंकेत ठेवून वर्षानुवर्षं घाबरलेली घरं आम्ही पाहतो. तो कागद घेऊन दवाखान्यात जा आणि पुढची चाचणी मागा.

आता दौडीत कोणी खाली बसलं तर काय बघायचं ते सांगतो. हे प्रत्येक स्वयंसेवकाला, आणि रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवणाऱ्या आईलाही माहीत हवं. गोळा आला असेल तर पोरगा ओरडतो, पिंडरी दगडासारखी कडक लागते, तो लंगडत थांबतो. सिकलचं तसं नसतं. पाय जड होतात, मग त्यांतला जोरच जातो, आणि तो हळूहळू खाली बसतो. पिंडरी हाताला मऊ लागते. दुखणं गोळ्याएवढं नसतं, बोलताही येतं. म्हणूनच लोकांना वाटतं नाटक करतो, दमला, आणि “ऊठ, थोडंच राहिलं” म्हणून त्याला पळवतात. ते शेवटचे दोनशे मीटर त्याचा जीव घेऊ शकतात. त्याला झोपवा, सावलीत न्या, १०८ ला फोन करा, ऑक्सिजन असेल तर लावा, आणि दवाखान्यात पोचताच ‘एएस आहे’ किंवा ‘सिकल असू शकतं’ हे मोठ्याने सांगा.

उष्माघात तिसरा. त्यात माणूस बरळतो, ओळखत नाही, झिंगल्यासारखा चालतो, अंग तापलेलं असतं. ‘घाम आहे, म्हणजे उष्माघात नाही’ असं समजू नका. धावताना होणाऱ्या उष्माघातात घाम असतोच. इथे आधी गार करायचं, मग गाडीत घालायचं. मोठा ड्रम किंवा टब, त्यात पाणी आणि बर्फ, मान वर धरून त्यात बसवा. ते नसेल तर ओल्या चादरी, सतत पाणी, वारा, काखेत-मानेला-जांघेत बर्फ. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झालं तर बहुतेक जण वाचतात. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

घरच्यांनाही सांगायचं आहे. टिनाच्या घरात मे महिन्याच्या रात्री झोप लागत नाही हे आम्हाला सांगायची गरज नाही. अशी रात्र काढलेला, किंवा रात्रपाळी करून आलेला पोरगा सकाळी शर्यतीत उतरवू नका. ताप, हगवण झाली असेल तर आठवडाभर दौड नाही. गरमीची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. एप्रिलभर घरी बसून १ मेला एकदम धावायचं नसतं. धावण्याआधी ब्रुफेन, डायक्लो घेणारी पोरं आहेत. पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडावर वार करतात. नुसतं पाणी लोटालोटा पिऊनही चक्कर येते, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं. तहान लागेल तसं प्या, लांब पल्ल्याला ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. आणि एएस असलेल्यांनी सुरुवातीपासून फुल जोर लावू नये. सरावात दोन धावांमध्ये श्वास पूर्ण खाली येईपर्यंत थांबावं. कोचने हे आळस समजू नये.

ज्या मुलीचा फॉर्म परत आला, ती अजून रोज पाचला विहारासमोर येते. यंदा तिचं ८०० मीटरचं टायमिंग गटात दुसरं आहे. यंदाही तिला फॉर्म भरायचा आहे.

म्हणून आम्ही आणि गटातली पोरं मिळून मंडळांना पत्र देत आहोत. शिट्टी साडेपाचला, उजाडताच. पाहुणे आले नाहीत तर झेंडा गल्ली झाडणाऱ्या ताईंनी दाखवावा, त्या तेव्हा हजरच असतात. भाषणं दौडीनंतर, मांडवात. दर किलोमीटरला पाणी, आणि थांबलेल्याला ‘हरला’ म्हणायचं नाही. फॉर्मवर रोगाचा रकाना नको, पण प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, ज्यावर हे सगळं लिहिलेलं असेल. सात वाजेपर्यंत शेवटचा धावक आत यावा, तसं अंतर ठरवा. दहा जमत नसेल तर पाच ठेवा. शेवटच्या रेषेवर एक ड्रम. ड्रम विहारातून मिळेल, चादरी आम्ही आणू. बर्फाच्या लाद्यांचे पैसे मंडळाने द्यावेत, फ्लेक्स एक कमी लावला की निघतात.