खुराड्याकडची बाजू

घर सोडावयाचे ठरले की मनुष्य प्रथम कपाटे उघडतो. प्रतापनगरच्या आमच्या घरी यंदाच्या भाद्रपदात तेच झाले. वडिलार्जित जागेवर मजल्यांची इमारत उठवावी असे आम्ही भावंडांनी एकमताने, म्हणजे दोन वर्षांच्या वादावादीनंतर, ठरविले. कागदांवर सह्या झाल्या आणि दिवाळीनंतर अंगण, परसबाग व खुराडे रिकामे करून देण्याचे आम्ही कबूल केले. त्या निमित्ताने जुने दस्तऐवज शोधू लागलो, तो दस्तऐवजांच्या आधी हाती लागले आल्बम.

वाचकहो, असे आल्बम तुमच्याही घरी असतील, मग ते घर इंदुरास असो, हैदराबादेस असो की तंजावरास. काळा जाड कागद, छायाचित्रांच्या चारी कोपऱ्यांना चिकटविलेले त्रिकोण, मधून मधून कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेले पातळ कागद. आमच्या तीन आल्बमांत मुंजी आहेत, बारशी आहेत, लग्ने आहेत, सत्यनारायण आहेत. माणसे बदलतात, पण मागची भिंत एकच. बोगनवेल चढलेली ती दर्शनी भिंत साऱ्या घराण्याने पन्नास वर्षे पाठीशी घेतलेली दिसते. परसाकडचे मात्र एकही चित्र नाही. विहिरीचा रहाट नाही, पाणी तापविण्याचा बंब नाही, कढीलिंबाखालची धुण्याची शिळा नाही, आणि ज्या खुराड्याच्या आवाजाने या घराला साठ वर्षे जाग आली ते खुराडेही नाही.

एका चित्राजवळ आम्ही थांबलो. आमची धाकटी बहीण साडी नेसून प्राजक्ताखाली उभी आहे. चित्राची उजवी कड कात्रीने कापलेली आहे, आणि कापणाऱ्याचा हात सरळ नव्हता हेही कळते. नातीने विचारले, "आजोबा, इथे काय होतं?" इथे खुराडे होते. १९७१ साली ते चित्र बहिणीच्या स्थळासाठी पुण्यास धाडावयाचे होते. मुलीचे घर खेडवळ वाटू नये म्हणून ती पट्टी कापली गेली, आणि कापणारे आम्हीच होतो.

आमचे मराठ्याचे घर. अंडी-कोंबडी आम्हांस वर्ज्य नाही. तथापि आजूबाजूस सारी शाकाहारी वस्ती. शेजारच्या गुजराती मंडळींनी या गोष्टीवरून कधी एक शब्द काढला नाही, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. लाज होती ती आमच्याच मनात. पाहुणा आला की त्यास दर्शनी दारानेच आणावयाचे आणि छायाचित्र घ्यावयाचे तर बोगनवेलीपाशी, हा नियम घरात कोणी न सांगता पाळला जाई.

आता याच्या पुढची गोष्ट लिहिताना लेखणी थोडी अडते. खुराडे वहिनींचे. लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी माहेराहून पाच कोंबड्या आणि एक डालगे आणले. अंडी रेल्वेच्या वसाहतीतील काही घरी जात. त्यांचे पैसे डाल्ड्याच्या रिकाम्या डब्यात साठत आणि त्या डब्यातून आमच्या कॅमेऱ्याच्या फिल्मचे पैसे निघत. कॅमेरा होता आग्फाचा 'क्लिक ३'. तो वडोदऱ्याचाच, न्यू इंडिया इंडस्ट्रीज या येथल्या कारखान्यात तयार होई आणि देशभरच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांतील पहिला कॅमेरा तोच असे. एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रे निघत. अंड्यांच्या पैशांवर आम्ही शेकडो चित्रे घेतली; त्यांत कोंबडी एकाही चित्रात नाही, आणि वहिनी आहेत त्या केवळ लग्नसमारंभात, मागच्या रांगेत, अर्धा चेहरा कुणाच्या तरी फेट्याआड.

थोडा दोष त्या यंत्राकडेही जातो. बारांतले एक चित्र कोंबडीवर खर्चणाऱ्यास घरात वेड्यात काढले असते. शिवाय त्या कॅमेऱ्याचे भिंग स्थिर. चार पावलांपलीकडे उभा असलेला मनुष्य स्वच्छ येई, पण हाताच्या अंतरावरील फूल किंवा अंडे धूसर होऊन जाई. यंत्राला जवळचे दिसत नव्हते हे खरे. कात्री मात्र यंत्राने चालविली नव्हती.

असो. दिवाळीपूर्वी परसाची बाजू चित्रांत धरून ठेवावी असे आम्ही मनाशी ठरविले आणि नातीचा मोबाइल मागून घेतला. पहिल्या दिवशी जे केले ते सांगावयास हवे, कारण पुष्कळ जण तेच करतील. आम्ही अंगण झाडून घेतले, खुराड्यापुढचे फुटके टोपले उचलून ठेवले, वाळत घातलेली फडकी काढली, दारावर चुना मारून घेतला, आणि सकाळी दहाच्या लख्ख उन्हात उभे राहून चाळीस चित्रे काढली. नातीने ती पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, हे घर विकायला काढल्यासारखं दिसतंय." ते तर खरोखरीच विकावयास काढलेले होते, त्यामुळे आम्हांस उत्तर सुचले नाही. पांढरी कोंबडी चित्रात निव्वळ पांढरा डाग झाली होती आणि निंबाखालच्या जमिनीवर उन्हाचे इतके कवडसे की काही उमगेना.

दुसऱ्या दिवसापासून नात गुरू झाली. फुटके टोपले जागेवर परत आले. उजाडल्यापासून ऊन अंगणात उतरेपर्यंतचा तास आम्ही पकडू लागलो. आमच्या पूर्वेकडील भिंतीमुळे त्या वेळी सगळ्या परसावर एकसारखी मवाळ सावली असते, आणि अशा प्रकाशात पांढऱ्या पिसाची एकेक घडी दिसते. प्राजक्ताचीही वेळ तीच. फुले रात्री उमलतात, पहाटे गळतात, आणि ऊन लागले की तासाभरात मलूल होतात. सडा पाहावयाचा तर उन्हाआधीच. सूनबाईंच्या रांगोळीवर, म्हणजे शेजारच्या मासींच्या भाषेत साथियावर, पडलेली पाचसहा फुले आम्ही तशीच राहू दिली. पूर्वी रांगोळी 'स्वच्छ' यावी म्हणून ती आम्हीच वेचून टाकली असती. वस्तू पांढरी असेल तर काचेवर तिच्यावरच बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा, हेही नातीने शिकविले. मोबाइलचा झगमगाट तर खुराड्यापाशी कधीच लावू नये. कोंबड्या बुजतात आणि मग दिवसभर आपली सावली पाहिली तरी पळतात.

कोंबडीचे चित्र घेणे हे मोराचे चित्र घेण्याहून अवघड आहे, असे आमचे आता ठाम मत झाले आहे. मोर स्वतःच उभा राहतो. कोंबडी चालताना मान पुढे फेकते, मग मान जागच्या जागी ठेवून अंग मागून आणते, पुन्हा मान फेकते. म्हणजे प्रत्येक पावलागणिक तिचे डोके क्षणभर अगदी स्थिर असते. तो क्षण ओळखता येऊ लागला की चित्र हलत नाही. त्यासाठी आम्ही वयाच्या पंचाहत्तरीस पाट घेऊन उकिरड्याशेजारी बसलो, कारण उभ्याने घेतलेल्या चित्रात कोंबडीची नुसती पाठ येते. तिच्या डोळ्याच्या उंचीवर आलो तेव्हा साठ वर्षांत न पाहिलेले पाहिले. पेंगणाऱ्या कोंबडीचा डोळा मिटतो तो खालची पापणी वर येऊन. दुपारी धुळीत लोळते तेव्हा ती पिसे फुलवून माती अंगात खोल घेते आणि मग एकदम उठून झटकते. तिच्या स्नानाची ही तऱ्हा. वहिनींना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्हांला आज कळलं?"

आमच्या या उद्योगाला वडोदऱ्यात थोर पूर्वज आहेत हे सांगण्याचा मोह आवरत नाही. येथील कलाविद्याशाखेत घडलेले चित्रकार ज्योती भट्ट १९६७ पासून कॅमेरा घेऊन गुजरात-राजस्थानच्या आणि त्यापलीकडच्या खेड्यांतून हिंडले. सारवलेल्या भिंतींवरची चित्रे, दारापुढच्या रांगोळ्या, अंगावरचे गोंदण ही कामे नाहीशी होत आहेत हे त्यांना दिसत होते. भिंतीपुढची बाई, मूल, गाय, खाट ही त्यांच्या चित्रांत भिंतीइतक्याच मानाने येतात. त्यांतल्या पुष्कळ भिंती आज उरलेल्या नाहीत. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही वर्तमानपत्रातील बातमी कापून ठेविली होती. त्यांच्या गावात राहून आपल्या परसात मात्र पाहिले नव्हते.

तरी मनात एक शंका राहतेच. आमच्याच शहरात होमाई व्यारावाला राहत. देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार त्या. 'डाल्डा १३' या टोपणनावाने त्यांची चित्रे छापली जात, आणि स्वातंत्र्याच्या काळची दिल्ली आपण आज पाहतो ती बरीचशी त्यांच्या डोळ्यांनी. १९७० साली त्यांनी कॅमेरा ठेवून दिला तो दिला. १९८२ साली त्या वडोदऱ्यास आल्या आणि १५ जानेवारी २०१२ रोजी येथेच वारल्या. या तीस वर्षांत त्यांनी झाडे वाढविली, घरातील वस्तू स्वतःच्या हातांनी दुरुस्त केल्या. ज्यांना सर्वांहून चांगले चित्र घेता आले असते त्यांनी बाग नुसती जोपासली. आम्ही हातात मोबाइल घेऊन पाटावर बसलेले असताना हे कितीदा तरी आठवले. पाहणे पुरेसे असते त्यास चित्र लागत नसेल. आम्ही मात्र पाहिलेलेच नव्हते, म्हणून आम्हांस ते लागले.

हीच हयगय आम्ही छोट्या गाडीबाबत केली. प्रतापनगर स्थानकातून डभोईकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी बालपणापासून आमच्या घरचे घड्याळ होती. पुढे रूळ रुंद झाले. १७ जानेवारी २०२१ रोजी केवडियाच्या नव्या मार्गाचे उद्घाटन झाले आणि प्रतापनगरहून तिकडे गाडी सुटू लागली. छोट्या गाडीचे आमच्या आल्बमात काय आहे? एका मुंजीच्या चित्रात भिंतीवरून दिसणारा थोडासा धूर. तोही ढग असेल.

उरल्या होत्या वहिनी. त्यांचे चित्र खुराड्यापाशी घ्यावयाचे म्हणताच त्यांनी साफ नकार दिला. "फोटो काढायचा तर साडी बदलून ओट्यावर बसते," म्हणाल्या. "खुराड्यातला फोटो कशाला? लोक काय म्हणतील?" हे शब्द त्यांना या घरात कोणी शिकविले ते आम्हांस ठाऊक होते. आम्ही कापलेले चित्र आणून त्यांच्या हाती दिले आणि कात्री कोणी चालविली तेही सांगितले. त्यांनी चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. पट्टी केरात सापडली होती. तिच्यात कवडी होती, माझी पहिली कोंबडी." पुढे काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विषय वाढविला नाही.

चार दिवसांनी पहाटे त्यांनीच हाक मारली. एक कोंबडी खुडूक बसली होती. दिवाळीनंतर साऱ्या कोंबड्या डभोईकडील एका शेतावर जावयाच्या, तेव्हा एकवीस दिवस पुरतात की नाही याचा हिशेब त्या करीत होत्या. सातव्या दिवशी रात्री त्यांनी ओंजळीत अंडे धरून मागून विजेरी लावली. आत तांबूस उजेड आणि त्यात कोळिष्टकासारख्या रक्तवाहिन्या. अंधारात वहिनींची बोटे अंड्याच्या उजेडाने लाल झाली होती आणि चेहऱ्यावर त्याच उजेडाची कड आली होती. नातीने मोबाइल आमच्या हाती दिला. हात कापला, चित्र किंचित हलले. तरीही आम्ही दुसरे घेतले नाही. अंडे फार वेळ बाहेर ठेवावयाचे नसते.

चित्र कागदावर छापून आणले, कारण मोबाइलमध्ये राहिलेल्या चित्रास कोणी वारस नसतो असे नातीचेच म्हणणे आहे. मागे तिथी आणि साल लिहावयास घेतले तेव्हा वहिनींनी विचारले, "काय लिहिलंत?" आम्ही वाचून दाखविले: वहिनी, प्रतापनगर, आश्विन. त्या म्हणाल्या, "अंडं तांबडीचं आहे, तेही लिहा. आणि बसलीय ती दुसरी, तुटक्या तुऱ्याची." ते लिहिले. नऊ अंड्यांतून सहा पिल्ले निघाली आहेत, आणि शेतावर जाण्याचा दिवस वहिनींनी आठवडाभर पुढे ढकलून घेतला आहे.