गुऱ्हाळातली न दिसणारी उष्णता

कडवी आणि वारणेच्या काठचा ऊस तुटू लागला की शाहूवाडीच्या परिसरात गुऱ्हाळाच्या गोड वासाचे दिवस येतात. दहावीच्या विज्ञानात ‘अप्रकट उष्मा’ शिकणाऱ्या मुलांना याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. हा धडा नुसता पाठ करून भागत नाही, कारण काहिलीजवळ राबणाऱ्यांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे.

उसाच्या रसात सुमारे ८० टक्के पाणी असते. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७० किलोकॅलरी उष्णता पुरते. त्याच पाण्याची वाफ करायला मात्र आणखी ५४० किलोकॅलरी लागतात, आणि तेवढ्या वेळात तापमान अंशभरही वाढत नाही. चुलवाणात घातलेल्या चिपाडांची बरीचशी उष्णता अशी अवस्था बदलण्यातच खर्ची पडते.

ही उष्णता वाफेबरोबर जाते. वाफ हाताला लागली की तिचे पुन्हा पाणी होते आणि साठवलेली सगळी उष्णता ती कातडीत सोडते. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना ६३ कॅलरी देते. तेवढीच वाफ ६०३ कॅलरी देते. पहाटेच्या गारठ्यात काहिलीवर दिसणारा पांढरा ढग म्हणजे निवू लागलेले पाण्याचे थेंब. खरी वाफ त्याच्या खाली, रसाच्या अगदी लगत असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मळी काढणारा हात नेमका तिथेच जातो.

पाणी उडत जाते तसा रसाचा उत्कलनबिंदू चढतो. १०५ अंशांच्या आसपास काकवी होते, तर गुळाचा पाक उतरवताना तो ११८ अंशांच्या घरात असतो. पाणी ओघळून जाते. पाक कातडीला चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. वाफ्यात ओतल्यावर वरून साय धरलेला पाक आतून बराच वेळ धगधगत असतो.

म्हणून भाजल्यावर पहिले औषध म्हणजे वाहते साधे पाणी, तेही २० मिनिटे. अंगठी, कडे, बांगड्या लगेच उतरवाव्यात. चिकटलेला कपडा किंवा पाक ओढून काढू नये. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड मोठे असतील किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील तर १०८ क्रमांकावर फोन करून दवाखाना गाठावा. वाडीवरून दवाखान्यापर्यंत वेळ जातो, तेव्हा ही पहिली २० मिनिटे गुऱ्हाळावरच सांभाळावी लागतात.

त्यासाठी प्रत्येक काहिलीजवळ नळ किंवा स्वच्छ पाण्याची भरलेली टाकी, काठाला भक्कम कठडा, लांब दांड्याची अवजारे आणि लहान मुलांना आत मज्जाव एवढे तरी हवे. यातले काहीच गुऱ्हाळमालकाला न परवडणारे नाही. शाळांनीही हंगामात मुलांना कठड्याबाहेर उभे करून हा धडा शिकवावा आणि प्रथमोपचार करून दाखवावेत.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गुळाच्या रंगाची आणि चवीची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढीच तो करणाऱ्या हातांचीही घ्यायला हवी.