फोन जुना झाला म्हणून शेतकरी बाद होत नाही



परवा चुलत्यांच्या ज्वारीत पीकनोंद करायला गेलो. फोन त्यांचाच, जुना अँड्रॉइड. बोलायला, फोटो काढायला एकदम ठीक. पण नोंदीचं ॲप त्याच्यावर उतरेचना, तुमच्या फोनवर चालणार नाही म्हणे. शेवटी माझ्या फोनवरून नोंद केली. चुलते म्हणले, "रान माझं, ज्वारी माझी, आन् फोन तुझा व्हय रं?"

उत्तर नव्हतं माझ्याकडं. पण जुने दिवस आठवले.

२०१० च्या आसपास माझ्याकडं नोकियाचा बटणाचा फोन होता. वैरागात तेव्हा टूजी, ती पण बांधावर उभं राहिलं तर. फोनमधल्या ब्राउझरवर एक पान उघडेपर्यंत मोटारीची लाईट जायची. मग पोरांनी ओपेरा मिनी टाकून दिला. नॉर्वेच्या कंपनीचा हा ब्राउझर २००६ पासून जगभर मिळायला लागला होता. पान आधी त्यांच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथं आवळून लहान व्हायचं आन् मग आपल्या फोनवर यायचं. जड काम तिकडं, आपल्या फोनला फक्त दाखवायचं काम.

मराठीचे मात्र नुसते चौकोन दिसायचे, कारण फोनमध्ये देवनागरी अक्षरंच नव्हती. त्यावर पण इलाज निघाला. पत्त्याच्या जागी 'ओपेरा:कॉन्फिग' टाकायचं, यादीत खाली जाऊन 'बिटमॅप फॉन्ट'ला 'यस' करायचं आन् सेव्ह. मग अक्षरं चित्र होऊन यायची. डेटा जरा जास्त जायचा, पण सोलापूरचा कांद्याचा भाव मी फोनवर मराठीत पहिल्यांदा वाचला तो असा. खुद्द अँड्रॉइडमध्ये देवनागरी आली २०११ च्या ४.० आवृत्तीपासून.

२०१४ ला १,९९९ रुपयांत फायरफॉक्स ओएसचा फोन आला. त्यातली ॲप म्हणजे वेबची पानंच. तो फोन टिकला नाही, पण त्याच्यातूनच कायओएस निघाली आन् २०१७ ला जिओफोनमधून गावोगाव पोचली.

मला एवढंच म्हणायचंय, की तेव्हा कमी ताकदीच्या फोनचा विचार करून सॉफ्टवेअर बनत होतं. आता सॉफ्टवेअरसाठी शेतकऱ्यानं फोन बदलायचा. दर चार-पाच वर्षाला दहा हजार कुठून काढायचे? तेवढ्यात ठिबकच्या नळ्या बदलून होतील.

जुन्या फोनला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, हे खरं. त्याच्यावर बँकेचं काम करू नका, हे मीच सांगतो. पण पीकनोंद म्हणजे बँक नाही. फोटो आणि ठिकाण तर ब्राउझरमधल्या साध्या पानावरूनही घेता येतं. असं एक हलकं पान ॲपच्या जोडीला ठेवलं तर किती जणांचं काम घरच्या फोनवर होईल. नोंद राहिली की सातबारा कोरा, आन् पुढं हमीभावाच्या खरेदीला आणि भरपाईला अडचण. चुलत्यांना पुतण्या होता. ज्याला कोणी नाही, त्यानं काय करायचं?

तुमच्याकडं कोणाचं काम जुन्या फोनमुळं अडलंय का? खाली लिहा. आन् नोंद राहिली असेल तर आधी शेजाऱ्याचा फोन मागा, तारीख थांबत नाही.