ताबा देताना घेतलेल्या हमीपत्रांना प्रतिफलाचा आधार कोठे?



घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कासारवडवली, ओवळ्यापर्यंत उभ्या राहिलेल्या संकुलांत सदनिकेची किल्ली हाती पडण्यापूर्वी खरेदीदाराला ज्या कागदांवर सह्या कराव्या लागतात, त्यांत ताबापत्र आणि देखभाल खर्चाच्या आगाऊ रकमेचा हिशेब यांच्या जोडीने अनेकदा मुद्रांक कागदावरचे एक हमीपत्रही असते. ताब्याला झालेला विलंब, वाहनतळ, पाणीपुरवठा व सुविधा यांबाबत कोणतीही तक्रार उरलेली नाही आणि यापुढे विकासकाकडे कसलीही मागणी केली जाणार नाही, असा त्याचा आशय असतो. ही केवळ कागदोपत्री औपचारिकता आहे असे सांगितले जात असले, तरी या प्रथेत करार कायद्याच्या एका मूलतत्त्वाची उघड पायमल्ली होते, आणि ती थांबवणे आवश्यक आहे.

ते तत्त्व प्रतिफलाचे, म्हणजेच वचनाच्या बदल्यात मिळणाऱ्या मोबदल्याचे आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 2(ड) नुसार वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून समोरच्याने किंवा अन्य कोणी जे केले, करण्याचे टाळले किंवा तसे करण्याचे वचन दिले, ते त्या वचनाचे प्रतिफल होय. आणि कलम 25 नुसार, काही मोजके अपवाद सोडता, प्रतिफलाविना केलेला करार शून्य ठरतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याला अस्तित्वच नसते. मुद्रांक कागद वापरल्याने ही उणीव भरून निघत नाही. शिवाय जे करण्यास एखादी व्यक्ती आधीच बांधलेली आहे, तेच केल्याबद्दल तिला नव्याने दिलेल्या वचनाला प्रतिफल मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1877 मध्ये रामचंद्र चिंतामण विरुद्ध काळू राजू या खटल्यात नेमके हेच सांगितले: वकीलपत्र स्वीकारलेला वकील दावा मनापासून चालवण्यास आधीच बांधलेला असल्यामुळे, दावा जिंकल्यास वेगळे इनाम देण्याचे अशिलाचे नंतरचे वचन प्रतिफलाअभावी निरर्थक ठरले.

हाच नियम हमीपत्राला लावला, तर विकासकाने खरेदीदाराला नव्याने दिले काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाने, म्हणजेच ‘रेरा’ने, नोंदणीकृत विक्रीकरारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली आहे, त्या करारात किंमत ठरते, ताब्याची तारीख ठरते आणि कलम 18 नुसार विलंब झाल्यास प्रत्येक महिन्याच्या व्याजाचा हक्कही खरेदीदाराला मिळतो. पूर्ण किंमत चुकती झाल्यावर ताबा देणे हे विकासकाचे जुनेच कर्तव्य असल्यामुळे, त्या ताब्यापोटी हक्क सोडून देण्याचे वचन घेणे म्हणजे एकाच वस्तूची किंमत दोनदा वसूल करणे होय.

यावर विकासकांच्या बाजूने एक सबळ आक्षेप घेता येतो. करार अधिनियमाच्याच कलम 63 नुसार ज्याला वचन मिळालेले आहे तो त्याच्या पूर्ततेवरचा हक्क पूर्णतः किंवा अंशतः सोडू शकतो आणि त्यासाठी प्रतिफलाची गरज नसते. पाच हजारांच्या कर्जापोटी दोन हजार स्वीकारून धनकोने समाधान मानले, तर सारे कर्ज फिटते. मात्र हे कलम प्रतिफलाची अट शिथिल करते, मुक्त संमतीची नव्हे. एखाद्याला करारास भाग पाडण्यासाठी त्याच्या हक्काची मालमत्ता बेकायदेशीरपणे अडकवून ठेवणे किंवा तशी धमकी देणे याला कलम 15 ने जबरदस्ती म्हटले आहे, आणि मोबदला अपुरा असल्यास संमती खरोखर मुक्त होती का, हे ठरवताना न्यायालय तो अपुरेपणा विचारात घेऊ शकते, असे कलम 25 चे स्पष्टीकरण सांगते. एकीकडे जुन्या घराचे भाडे आणि दुसरीकडे कर्जाचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबाने किल्लीसाठी नाइलाजाने केलेल्या सहीला स्वेच्छेने केलेला हक्कत्याग म्हणता येणार नाही. बेंगळुरूतील एका गृहप्रकल्पाबाबत 24 ऑगस्ट 2020 रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही, ताबा व खरेदीखत हवे असेल तर भरपाईचे दावे सोडा, ही विकासकाची अट अवाजवी ठरवली.

खरी तडजोड वेगळी असते. विलंबाबद्दल विकासकाने ठरावीक रक्कम दिली किंवा शेवटच्या हप्त्यात सूट दिली आणि खरेदीदाराने विचारपूर्वक दावा सोडला, तर तेथे प्रतिफलही आहे आणि संमतीही. असा करार पाळलाच पाहिजे. म्हणून ‘महारेरा’ने, म्हणजेच राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, दोन गोष्टी तातडीने कराव्यात. ताब्यासाठी हक्क सोडण्याची अट घालता येणार नाही, असे स्पष्ट कलम आदर्श विक्रीकरारात न बदलता येण्याजोगे म्हणून समाविष्ट करावे. आणि कोणतीही तडजोड ताबा दिल्यानंतरच, तिच्या मोबदल्याची रक्कम लिहूनच ग्राह्य धरावी. काही कलमे न बदलण्याजोगी ठरवण्याचा पायंडा या प्राधिकरणाने स्वतःच पाडलेला असल्याने या मागणीत अशक्य असे काही नाही. तोवर ज्यांनी अशा हमीपत्रांवर सह्या केल्या आहेत, त्यांनी आपला हक्क संपला असे गृहीत धरून गप्प बसू नये, आणि गृहनिर्माण संस्थांनी अशा सभासदांच्या पाठीशी उभे राहावे.

– एक सदनिकाधारक, घोडबंदर रोड, ठाणे